त्सुम खोरं (नेपाळ): ताईला घेऊन जायचंय, गाइड आणि कार्यक्रमाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी (वय ५१) आणि माझी मोठी बहीण (५८) दसऱ्याच्या सुमारास नेपाळमधल्या त्सुम खोऱ्यात जायचं म्हणतोय. गोरखा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तिबेटच्या हद्दीला टेकलेलं खोरं. बाहेरच्यांना इथे २००८ च्या सुमारास जाऊ द्यायला लागले, तेही परमिट, नोंदणीकृत एजन्सी आणि परवानाधारक गाइड असेल तरच. आम्ही दोघंच जाणार आहोत.

सगळे म्हणतात, एवढ्या लांब जाताय तर मनासलू शिखराभोवतीची फेरी करून लार्के खिंडही ओलांडा. नको आहे. ५१०० मीटरची खिंड ओलांडून मला कुणाला काही दाखवायचं नाही. ताईला मू गोम्पा (गोम्पा म्हणजे बौद्ध मठ), राछेनच्या भिक्षुणींचा मठ आणि पिरेन फूची, मिलारेपा या तिबेटी संताची गुहा बघायचीय. त्या खोऱ्यात शंभरएक वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी प्राणी न मारण्याची शपथ घेतली, ती आजही पाळतात, हे तिने कुठेतरी वाचलं. माळकरी बाई आहे ती. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. पाच किलो तांदूळ सॅकमध्ये घालून रोज पर्वती चढते-उतरते. पायऱ्यांवरची माणसं आता तिला वाट देतात.

काठमांडूच्या एका एजन्सीने हा कार्यक्रम पाठवलाय: जीपने माछाखोला, मग जगत, लोकपा, चुमलिंग, छेकम्पार, दुसऱ्या दिवशी थेट मू गोम्पा, आणि त्याच वाटेने परत. परमिटचे आठवड्याला ४० डॉलर, पुढच्या प्रत्येक दिवसाला ७. शिवाय संरक्षित क्षेत्राच्या प्रवेशाचे माणशी ३००० नेपाळी रुपये.

माझी धास्ती वेगळीच आहे. चार वर्षांपूर्वी हिमाचलात एका ग्रुपबरोबर गेलो होतो. ३८०० मीटरवरच्या कॅम्पवर ताईचं डोकं ठणकत होतं. लीडर म्हणाला, "पहिल्या दिवशी सगळ्यांचंच दुखतं, चला." सकाळी ती बुटाची नाडी बांधायला बसली आणि तिला गाठ मारता येईना. दोन्ही टोकं हातात धरून नुसती बघत राहिली. मी भांडून तिला खाली आणलं, दुपारपर्यंत ठीक झाली. पण त्या नाडीची टोकं अजून डोळ्यांसमोर येतात.

तर विचारायचंय असं:

कार्यक्रम तिला झेपेल का? गाइड काठमांडूचा घ्यावा, की त्सुमचाच मिळतो? आणि भाव बरोबर आहे का? ट्रेकचा अनुभव म्हणाल तर हरिश्चंद्रगड, रतनगड आणि ते हिमाचल, बस.

रानवाट:

दादा, आधी पैशांचं. प्रवेशाचे ३००० इतर परदेशी लोकांना. आपण सार्कवाले, आपल्याला १०००. चूक असेल, नसेलही, पण हे कोटेशन परत पाठवा. ४० आणि ७ हा सप्टेंबर ते नोव्हेंबरचा त्सुमचा दर बरोबर आहे. मनासलूचं महाग परमिट वेगळं, ते तुम्हाला नको. कुणी गळ्यात मारलं तर घेऊ नका.

दुसरं, दसरा म्हणजे तिकडे दशैं. परमिट देणारं इमिग्रेशन ऑफिस मुख्य दिवसांत बंद, जीपला मरणाची गर्दी, आणि पोर्टर घरी टिका लावून घ्यायला गेलेले. कागद आधी होतील अशा बेताने पोहोचा, नाहीतर सरळ दशैं उरकल्यावर जा. पासपोर्टच न्या. विमानाने जाताना आधार चालत नाही.

डॉक्टरीणबाई:

छेकम्पार ३०३१ मीटर, मू गोम्पा ३७००. ३००० च्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण ५०० ने वाढवावी, त्याहून जास्त नको. तुमच्या कार्यक्रमात ती एकदम ६७० ने वाढतेय. छेकम्पारला दोन रात्री, मग निले गावात (३३६१) एक, मग मू गोम्पा, असं करून घ्या. दोनच दिवस वाढतात.

नाडी बांधता न येणं ही साधी डोकेदुखी नव्हती हो. मेंदूला सूज येऊ लागली की असं होतं. पुढच्या वेळी शंका आली तर ताईंना टाचेला पाऊल लावत सरळ रेषेत चालायला सांगा. झोक जात असेल तर रात्र असली तरी खाली उतरा, सकाळची वाट बघू नका. आधी त्रास झालाय, तेव्हा डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी) तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. सल्फाची ॲलर्जी आणि बीपीची गोळी असेल तर तेही सांगा. आणि एक गोळी घरीच घेऊन बघा, बोटांना मुंग्या येतात, तिथे घाबरायला नको.

उंडगा:

गाइड त्सुमचाच मागा. काठमांडूच्या एजन्सीमार्फतच मिळतो, फक्त हट्टाने मागावा लागतो. म्हाताऱ्या माणसांना नेपाळी जेमतेम येतं, आपसात त्यांची तिबेटी वळणाची बोली. आमचा गाइड छेकम्पारचा होता. त्याच्या मावशीच्या चुलीपाशी बसून आम्ही बटाटे सोलले, लोणी-मीठ घातलेला चहा प्यायलो (पहिला घोट चहा समजून घेऊ नका, सार समजून घ्या). नुसत्या परवान्याच्या गाइडबरोबर हे झालं नसतं.

बुक करण्याआधी दोनच प्रश्न विचारा: पोर्टरचा विमा आहे का, आणि ताईंना त्रास झाला तर परतायचं कोण ठरवणार. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं तर कागद मागा. दुसऱ्याचं उत्तर लेखी घ्या. तुमचा स्वतःचा विमा किती मीटरपर्यंत चालतो तेही बघा, बारीक अक्षरात असतं.

वाटेत मणी भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) लागतील, त्या उजव्या हाताला ठेवून जायचं. ताईंना सांगावं लागणार नाही, प्रदक्षिणाच ती.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. मेल टाकला. प्रवेशाचे १००० करून दिले, 'टायपिंग मिस्टेक' म्हणे. निलेचा मुक्कामही घातला. त्सुमचा गाइड मिळेल, पण दशैंनंतर. म्हणून तारीख दोन आठवडे पुढे ढकलली. परत फिरायचं मी किंवा गाइड, कुणीही एकाने म्हटलं की फिरायचं, दुसऱ्याने वाद घालायचा नाही, असं लेखी आलंय. ताईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "आणि मी म्हटलं तर?" तेही घालायला सांगितलंय.

राछेनला मठाजवळ राहायची सोय कुणी बघितली आहे का? छेकम्पारच्या दोनपैकी एक रात्र तिकडे काढता आली तर बरं.