प्रकाशयोजना शिकायला कुणाच्या तरी हाताखाली मुंबईला जाऊ का?

मिरजेची मी:
नमस्कार. वय २३, बी.कॉम. झालंय, सध्या एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न्स भरते. कॉलेजात असल्यापासून एकांकिकांचे लाइट्स करते, नंतर हौशी राज्य नाट्य स्पर्धेतही केले. मध्यंतरी मुंबईचं एक व्यावसायिक नाटक सांगलीला भावे नाट्यमंदिरात आलं होतं. त्याच्या प्रकाशयोजनाकारांना मागे जाऊन भेटले आणि सेट उतरेपर्यंत तिथेच थांबले. ते म्हणाले, "ये मुंबईला, राहा वर्षभर माझ्या हाताखाली. पैशाचं बघू."

हे "पैशाचं बघू" घरी कुणालाच पटत नाहीये. बाबा म्हणतात, शिकायचंच तर कुठेतरी रीतसर प्रवेश घे, हातात कागद तरी येईल. या लाइनीत नेमणुकीचं पत्र वगैरे देतात का? ऑपरेटरचे पैसे कसे ठरतात? मुलगी म्हणून काय अडचणी येतील? अभिनयात मला अजिबात रस नाही हे आधीच सांगते, कारण प्रत्येक जण तेच विचारतो.

डोंबिवलीकर:
बाबांचं बरोबर आहे. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची कलिन्याला अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. दिल्लीच्या एनएसडीचा, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा, अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पदवी लागते आणि आधी नाटकांत काम केलेलं दाखवावं लागतं. ते तुमच्याकडे आहेच. वर्षभर कुणाच्या मागे जेलचे, म्हणजे लाइटसमोर लावायचे रंगीत, कागद घेऊन फिरण्यापेक्षा हे बरं.

विंगेतला:
डोंबिवलीकर, जेलचे कागद घेऊन फिरण्याला नावं ठेवू नका, त्यावर माझं घर चाललंय.

मिरजकर ताई, पत्र विसर. आमच्याकडे प्रयोग रद्द झाला तरी व्यवस्थापकाच्या फोनवर कळतं, नेमणुकीचं पत्र कोण लिहिणार! पण म्हणून जाऊ नको असं मी म्हणणार नाही. नव्वदच्या दशकात मीही असाच शिवाजी मंदिरच्या विंगेत एका माणसाच्या मागे उभा राहिलो आणि टिकलो.

आधी पैशाचं. व्यावसायिक नाटकात हिशेब नाइटवर चालतो. प्रयोग झाला तर नाइट, नाही झाला तर काही नाही. नटाची नाइट, ऑपरेटरची नाइट, कपडेपटाची नाइट. महिन्याला किती, या प्रश्नाला उत्तरच नाही; नाटक चाललं तर महिना बरा जातो, परीक्षांच्या दिवसांत आणि गणपतीत प्रयोग रोडावतात. त्यामुळे "बघू" म्हणजे नक्की काय, हे जायच्या आधी त्यांना सरळ विचार. विचारल्यावर रागावणाऱ्या माणसाकडे जाऊच नकोस. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी सांगतो, तालमीला फुकट बसा, प्रयोगाला फुकट उभे राहू नका. तिकीट विकलं गेलं आणि तू लाइट्सच्या बोर्डावर होतीस, की तुझी नाइट निघालीच पाहिजे, अर्धी का असेना.

दुसरं, त्यांच्याकडे नवं नाटक मागू नकोस, चालू नाटक माग. नव्या नाटकाचा सगळ्यांना सोस असतो, पण तिथे हाताखालच्याला काम काय? चहा सांगा, जेल कापा, दिग्दर्शक आणि प्रकाशयोजनाकार भांडत असतील तेव्हा गप्प बसा. चालू नाटकात तेच लाइट्स रोज नव्या थिएटरात लावायचे असतात. ठाण्याला गडकरीत जमलेला कोन विलेपार्ल्याला दीनानाथमध्ये जमत नाही. लाइट्स टांगायचे बार वेगळ्या उंचीवर, समोरून मारायचे लाइट्स वेगळ्या अंतरावर, आणि दौऱ्यावर एखाद्या गावी प्रकाश कमी-जास्त करणारे निम्मे डिमर बंद. चारचा प्रयोग असेल तर सकाळी टेम्पो लागतो. नेपथ्यवाल्यांचे फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती, उभे राहिल्याशिवाय फोकस करता येत नाही. ते उभे राहतात तोवर साउंडवाला स्पीकर तपासत असतो, आणि एखादा नट "जरा एन्ट्री बघतो" म्हणत नेमका तुझ्या स्पॉटखाली येऊन उभा. हातात उरतो तास-दीड तास. काय सोडायचं आणि काय कुठल्याही परिस्थितीत लावायचंच, हे त्या वेळात कळतं. तीस लाइट्सचं नाटक चौदावर करता आलं की समज तुला नाटक कळलं.

आणि क्यू, म्हणजे लाइट बदलायची खूण. एका नाटकात पहिल्या अंकाच्या शेवटी बाई पत्राची घडी घालते, डब्यात ठेवते, झाकण लावते, काळोख. संहितेत क्यू झाकणाचा. मी पहिल्यांदा बोर्डावर बसलो तेव्हा गुरुजी शेजारी बसले आणि त्यांनी माझा हात फेडरवर, म्हणजे प्रकाश चढवायच्या-उतरवायच्या दांडीवर, दाबून धरला. झाकण लागल्याचा आवाज झाला, हात तसाच. ती बाई झाकणावर तळवा ठेवून थांबायची, कधी थोडी, कधी बरीच, त्या दिवशीच्या प्रेक्षकांवर असायचं ते. मग तिचे खांदे खाली यायचे. तेव्हा गुरुजी हात सोडायचे आणि मी फेडर उतरवायचा. तोंडाने त्यांनी कधी काही सांगितलं नाही. संस्थेत हे शिकवत नाहीत असं नाही, पण तिथे एका नाटकाचे प्रयोगच मोजके होतात. त्या बाईचे खांदे ओळखायला दौरा लागतो.

मात्र एक. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत गेले तेव्हा कंपनीचं बिऱ्हाड असायचं. राहणं, जेवण, तालीम सगळं मंडळीच बघायची. आता तालीम निर्मात्याची आणि बिऱ्हाड तुझं. सहा महिन्यांचं खोलीभाडं गाठीला असल्याशिवाय गाडीत बसू नकोस. ऑफिसवाल्यांना विचार, रिटर्न्सचं काम घरून देतात का. आमच्यातले निम्मे लोक दिवसा दुसरं काहीतरी करतात, त्यात कमीपणा नाही.

कपडेपटवाली:
दादांनी बाईमाणसाचा प्रश्न सोयीस्कर टाळला, म्हणून मी लिहिते.

रात्री साडेआठचा प्रयोग साडेअकराला सुटतो. लाइट्स उतरवून टेम्पोत चढेपर्यंत एक वाजतो, तोवर बहुतेक लोकल गेलेल्या. घरी कोण सोडणार, रिक्षाचे पैसे कोण देणार, हे नाइट ठरवतानाच बोलून घ्या. दौऱ्यावर राहण्याची सोय करताना बॅकस्टेजची बाई एकटीच असेल तर तिला "जिथे जागा असेल तिथे" टाकतात. मी माझी खोली कलाकार मुलींसोबत हवी, असं व्यवस्थापकाला बस सुटायच्या आधीच सांगते आणि मगच बसमध्ये चढते. एका निर्मात्याने यावरून मला पुढच्या दौऱ्याला नेलं नाही. नेलं नाही तर नेलं नाही.

शिडीवर चढायला सुरुवातीला कुणी देणार नाही. "तू खाली थांब, तू कागदं लिही." पहिल्याच दिवशी चढा. एकदा का खाली थांबलात की कायमचं खालीच. जीन्स चालते, ओढणी घरी ठेवा.

आणि ते गृहस्थ कसे आहेत हे त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींना विचारा, मुलांना नाही. अशी एकही मुलगी नसेल तर तेही लक्षात घ्या.

बेळगावकर:
कन्नड येतं का? मिरजेकडच्या पुष्कळांना येतं म्हणून विचारतो. शिवमोग्गा जिल्ह्यात हेग्गोडूला नीनासम आहे, १९४९ पासूनची नाट्यसंस्था. तिथे शिकायची सोय आहे, आणि त्यांची तिरुगाट ही फिरती मंडळी कर्नाटकभर गावोगाव नाटकं घेऊन जाते. शिक्षण आणि दौरा दोन्ही एका छपराखाली. मराठीत असं काही का नाही, हा वेगळा धागा होईल.

मिरजेची मी:
सगळ्यांचे आभार. कन्नड समजतं, बोलता येत नाही. काल त्यांना फोन केला. पैशाचं विचारल्यावर आधी हसले, मग म्हणाले पहिले दोन महिने अर्धी नाइट, नंतर पूर्ण, आणि उशीर झाला तर रिक्षा त्यांची. त्यांच्याकडे आधी काम केलेल्या एका ताईंचा नंबर त्यांनी स्वतःच दिला. त्या आता स्वतंत्र नाटकं करतात. त्यांच्याशी रविवारी बोलणार आहे. सीए म्हणाले, रिटर्न्स तिकडून भर, पण वीस तारखेला, रिटर्न्सच्या शेवटच्या दिवशी, फोन उचलायचा. बाबा अजून गप्प आहेत. दादा, येताना सोबत काय आणू?

विंगेतला:
टेस्टर, पाना, काळी चिकटपट्टी, छोटी बॅटरी, चामड्याचे हातमोजे. मोजे दोन कारणांसाठी. तापलेल्या पारला, म्हणजे डब्यासारख्या लाइटला, हात लावायचा नाही हे कुणीही सांगेल. पण हॅलोजनचा नवा दिवा थंड असतानाही उघड्या बोटांनी धरायचा नाही. बोटांचं तेल काचेला लागतं, तेवढीच जागा जास्त तापते आणि दिवा फुटतो. त्यासाठी वेगळे सुती, स्वच्छ मोजे ठेव. एलईडी आलेत, पण जुने पार अजून बऱ्याच ठिकाणी टांगलेले आहेत. बाकी सामान लोहार चाळीत मिळेल, मोजे मात्र मिरजेतूनच हाताला घालून बघून घे. आमच्याकडे सगळे गड्यांच्या मापाचे असतात.

कपडेपटवाली:
आणि वीस तारखेला प्रयोग असेल तर फोन सायलेंटवर.