घरातल्या मिरचीचे शेंडे पिवळे पडायलेत, खत वाढवलं की आणखी

जुळे_सोलापूरकर ताई:
नमस्कार. गच्चीत मिरची लावून दोन उन्हाळे हात पोळून घेतले. मे महिन्यात पारा 43 ला गेला की कुंडीतली मुळंच शिजतात. म्हणून यंदा आतली खोली रिकामी केली (तिथं टॉवेलचे गठ्ठे असायचे) आणि कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) बादल्यांत ज्वाला मिरचीची पाच रोपं लावली. वर ऑनलाइन मागवलेला जांभळा दिवा. खोक्यावर 1000 वॅट छापलंय, मीटर लावला तर 110 वॅट ओढतो. असो, आता वाद घालून पैसे परत येत नाहीत.

दुखणं असं: शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. टोकं करपलेली. काही पानांच्या कडा वर वळून द्रोणासारख्या झाल्यात. खालची जुनी पानं ठणठणीत. पाणी बोअरचं, कारण नळाला रोज पाणी येत नाही आणि आलेलं पिण्यालाच पुरतं. दर पाण्यासोबत लिटरला 2 ग्रॅम 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखं). पिवळेपणा वाढला म्हणून त्याच बाटलीत कॅल्शियम नायट्रेटही घातलं, तर तळाशी चुन्यासारखा पांढरा गाळ बसला. बोअरचा ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) 1.4, खत घातल्यावर 3.1.

दिवा आधी 18 तास लावायची. एका परदेशी व्हिडिओत म्हणाले फुलं यायला 12 तासांवर आणा, म्हणून परवापासून 12. अजून काय कमी पडतंय?

गल्लीतला शहाणा:
ताई, तो 18 आणि 12 चा हिशेब गांजाचा आहे! रात्र मोठी झाल्याशिवाय त्याला फुलोरा येत नाही. मिरचीला दिवस लहान-मोठा असल्याचं काही देणंघेणं नाही, वाढ झाली की फुलते. तुम्ही उगीच तिचा उजेड कापलात. तिकडचे निम्मे व्हिडिओ त्याच पिकाचे असतात, नाव टोमॅटोचं घेतात. आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानं ते झाड परवान्याशिवाय लावणं गुन्हा आहे. तेव्हा जांभळा उजेड खिडकीतून रस्त्यावर पाडू नका, नाहीतर वॉचमन आधी येईल आणि मग बाकीचे.

सांगोल्याचा डाळिंबवाला:
ताई, कमी काही पडत नाही, जास्तच झालंय. शिरा हिरव्या नि मधली जागा पिवळी, तेही नव्या पानांत, म्हणजे लोह मिळेना. मॅग्नेशियम कमी असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती. लोह नाही म्हणून आणखी खत देऊ नका. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतात, ते पीएच (आम्लतेचं माप) वर ओढत राहतात आणि लोह मुळाला उचलता येत नाही. कुलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो ना, तेच पाणी रोज बादलीत ओतताय.

पहिलं काम, बादल्या धुऊन काढा. आरओच्या पाण्यानं, खालून येणाऱ्या पाण्याचा ईसी 1.5 च्या आसपास येईपर्यंत. मग दोन भाग आरओ, एक भाग बोअर. फॉस्फरिक ॲसिड थेंबाथेंबानं पाण्यात सोडून पीएच 6 वर आणा. ॲसिड पाण्यात घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. खतासकट ईसी 1.8 च्या वर जाऊ देऊ नका.

गाळाचं कारण सोपं आहे. 19:19:19 मधला स्फुरद आणि कॅल्शियम एकत्र आले की दगड होतो, दोन्ही वाया. एक दिवस हे, एक दिवस ते. लोह घ्याल तर ईडीडीएचए (लोह विरघळलेलं ठेवणारा घटक) लिहिलेलं घ्या, ईडीटीएचं लोह पीएच साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही. आणि कोकोपीटची वीट न धुता वापरली असेल तर तिच्यातच मीठ असतं, हेही सांगा.

लाइनमनकाका:
दिवा किती उंचीवर आहे ते लिहिलंच नाही! द्रोण झालेली पानं दिव्याच्या बरोबर खाली असतील तर तो उष्णतेचा आणि उजेडाचा मार आहे. शेंड्याच्या उंचीला हात अर्धा मिनिट धरा, चटका बसला तर दिवा वर घ्या. शिवाय जांभळ्या उजेडात पानाचा खरा रंग कळत नाही, रोज पान बाहेर आणून बघा. साध्या पांढऱ्या 20 वॅटच्या एलईडी पट्ट्या चार लावल्या तरी पाच रोपांना चालतात, डोळेही शिणत नाहीत.

जुळे_सोलापूरकर ताई:
तीन आठवड्यांनी लिहितेय. दिवा सहा इंचांवर होता, आता दीड फुटावर आहे. वीट नुसती भिजवली होती, धुतली नव्हती. काका म्हणाले तसं पान बाल्कनीत नेलं तर आत जे मला हिरवं वाटत होतं ते लिंबासारखं निघालं. धुतलेल्या बादल्यांतून पहिलं पाणी चहासारखं आलं, ईसी 4.2! एक रोप गेलं, त्यात ॲसिड अंदाजानं ओतलं ही माझीच चूक. बाकी चारांची जुनी पिवळी पानं तशीच आहेत, नवी मात्र गर्द हिरवी आलीत. उजेड 14 तास केलाय.

फुलं लागलीत, पण सकाळी बादलीशेजारी देठासकट पडलेली दिसतात. खोली दुपारी 36 ला जाते. सासूबाई पेन्सिलीनं फांद्या टिचकवतात, तेवढ्यानं दोन धरलीत. पंखा रोपांवर सोडू की खिडकीकडं तोंड करून गरम हवा बाहेर काढू?