एनॉक लाइट: ऑर्केस्ट्रावाला की रेकॉर्डिंगवाला?

तबकडीप्रेमी

मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात आहे. एनॉक लाइट या अमेरिकन बँडलीडर-निर्मात्याच्या, त्याच्याच कमांड या रेकॉर्ड लेबलच्या काही एलपी (मोठ्या तबकड्या) हाती लागल्यात, 1959 ते 61 च्या आसपासच्या, आणि ऐकताना सारखं वाटतं की या माणसाने नेमकं केलं काय? नाव त्याचं सगळीकडे, पण अरेंजमेंट (कुठलं वाद्य कधी काय वाजवणार ती मांडणी) बऱ्याचदा लू डेव्हिसच्या, वाजवणारे टेरी स्नायडर, टोनी मोटोला, डिक हायमन असले पट्टीचे लोक, रेकॉर्डिंग रॉबर्ट फाइनचं, मग लाइटकडे उरलं काय? नेल्सन रिडल किंवा पर्सी फेथसारखा अरेंजर अर्ध्या मिनिटात ओळखू येतो, लाइटचं तसं काही हाताला लागत नाही. तरी त्याचा तालवाद्यांचा अल्बम 'पर्स्युएसिव्ह पर्कशन' अमेरिकेत 13 आठवडे एक नंबरला होता म्हणे. त्याला संगीतकार म्हणून ऐकायचं की स्टिरिओचा (दोन स्पीकरमधून वेगवेगळा आवाज) डेमो म्हणून? ज्यांनी मनापासून ऐकलंय त्यांनी सांगा प्लीज.

जुनेसूर

चांगला विषय काढलात. आधी हे लक्षात घ्या की कमांडपर्यंत येईस्तोवर त्याची निम्मीअधिक कारकीर्द झाली होती. ओहायोतल्या कँटनचा, मूळचा व्हायोलिनवाला. तिशीच्या दशकात डान्स बँड चालवायचा, 'लाइट ब्रिगेड' नावाचा, न्यूयॉर्कच्या टाफ्ट हॉटेलात वाजवायचे. 1940 मध्ये मोटारीच्या अपघातात जबर जखमी झाला. युद्धानंतर मोठ्या बँडचे दिवसच सरले, शेकडो बँडलीडर घरी बसले, हा मात्र रेकॉर्ड कंपन्यांच्या धंद्यात शिरला आणि स्वस्तातल्या रेकॉर्ड काढायला लागला. मग ग्रँड अवॉर्ड हे स्वतःचं लेबल, आणि 1959 ला कमांड. म्हणजे लोकांना काय आवडतं, तबकडी कशी खपते, स्टुडिओचा तास कसा वाया जातो, हे सगळं त्याने वर्षानुवर्षं जवळून बघितलेलं. नुसता काठी फिरवणारा तो कधीच नव्हता.

डावाउजवा

तुम्ही विचारलंत उरलं काय, माझ्या मते तेच तर सगळ्यात मोठं काम उरतं. बघा, मोनोमध्ये सगळी वाद्यं एकाच स्पीकरमधून येतात त्यामुळे अरेंजरला ती एकमेकांपासून सोडवायची तर वरचा-खालचा पट्टा वेगळा द्यावा लागतो नाहीतर वाद्याचा पोत वेगळा निवडावा लागतो, गिटार आणि क्लॅरिनेट एकाच पट्टीत घातलं की दोन्हीचा चिखल होतो. 1958 ला स्टिरिओ एलपी बाजारात आली, खाचेच्या दोन भिंतींवर दोन चॅनेल, आणि आता जागासुद्धा वापरता यायला लागली. बहुतेक कंपन्यांनी काय केलं तर जुन्याच पद्धतीची अरेंजमेंट दोन माईक लावून रेकॉर्ड केली. लाइट आणि डेव्हिस यांनी कागदावरच ठरवलं की हा तुकडा डावीकडे, त्याचं उत्तर उजवीकडे. बाँगो एका बाजूला वाजतात, लगेच दुसऱ्या बाजूने जबाब येतो, आणि ती उडी तालातच बसवलेली असते. रेकॉर्डिंगनंतर मिक्सिंगच्या टेबलावर बसून केलेली करामत नाही ती, लिहिलेली आहे. एखादी ओळ अर्धवट सोडून समोरच्या स्पीकरमधून पूर्ण होते तेव्हा कान आपोआप तिकडे वळतो, हे मला आजही फार सुंदर वाटतं. हे सगळं घडायला अरेंजर, वादक आणि इंजिनिअर एकाच माणसाचं ऐकणारे लागतात, आणि तो माणूस लाइट. आज आपण ज्याला प्रोड्यूसर म्हणतो तेच हे.

साधामोनो

थोडा असहमत. वरचं सगळं मान्य, पण एक चाचणी करून बघा, अँप्लिफायर मोनोवर टाका आणि मग तीच रेकॉर्ड ऐका. पर्कशनवाल्या एलपींमधलं अर्धं नाट्य गायब होतं, खाली उरतात ते माहितीतले जुने ट्यून्स, नेटके वाजवलेले, बस. याउलट पर्सी फेथ घ्या. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत निर्माता मिच मिलरच्या हाताखाली असताना गायक टोनी बेनेटच्या गाण्यांना त्याने अरेंजमेंट दिल्या त्या मोनो रेडिओवर ऐकूनही अंगावर येतात, आणि 1960 चं 'थीम फ्रॉम अ समर प्लेस' 9 आठवडे एक नंबरला राहिलं ते काही डावं-उजवं करून नव्हे. फेथच्या व्हायोलिन श्वास घेतात. लाइटचं ऐकून मी थक्क होतो पण हेलावत नाही, आणि माझ्यासाठी तो फरक मोठा आहे. आणखी एक, त्या उड्यांच्या नादात मधली जागा पुष्कळदा रिकामी पडते, दोन खोल्यांत दोन बँड बसल्यासारखं वाटतं.

टेपवाला

मधल्या पोकळीचं म्हणणं पर्कशन मालिकेबद्दल खरंय पण 1961 चा 'स्टिरिओ 35/एमएम' ऐकलात का? तोही 7 आठवडे एक नंबरला होता. कार्नेगी हॉलमध्ये मोठा ऑर्केस्ट्रा बसवून टेपऐवजी सिनेमाच्या 35 मिलिमीटर मॅग्नेटिक फिल्मवर रेकॉर्ड केलाय. (एव्हरेस्ट कंपनीने हे आधी केलं होतं, पण पॉप श्रोत्यांच्या घरात ते पोचवलं लाइटने.) फिल्म रुंद, त्यामुळे प्रत्येक ट्रॅकला जागा जास्त आणि टेपची खरखर कमी. वेग सेकंदाला 18 इंच, स्टुडिओची टेप तेव्हा साधारण 15 ने चालायची. फिल्मचा बेस टेपच्या तिप्पट जाड, म्हणून गुंडाळून ठेवल्यावर एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर उमटत नाही, शांत जागेआधी जो भुताटकीसारखा पुसट प्रतिध्वनी ऐकू येतो ना तो इथे जवळपास नाहीच. कडेच्या भोकांमुळे फिल्म ताणली जात नाही, घसरत नाही, सूर डगमगत नाही. खर्च मात्र भरमसाट. साधामोनो, यात हॉलचा आवाज आहे, मध्य भरलेला आहे, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) उठतो तेव्हा मागची भिंत जाणवते. हा मोनोवर टाकून बघाच.

तबकडीप्रेमी

धन्यवाद सगळ्यांना, भरपूर मिळालं. कव्हरबद्दलही कुणी सांगाल का? माझ्याकडचा पर्कशनचा उघडून पुस्तकासारखा होतो आणि आत नुसता मजकूरच मजकूर.

जुनेसूर

समोरचे ते काळे ठिपके चित्रकार जोसेफ अल्बर्सचे! जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवायचे, नंतर अमेरिकेतल्या येल विद्यापीठात. कमांडचा आर्ट डायरेक्टर चार्ल्स मर्फी त्यांचा विद्यार्थी, त्याने गुरूंकडून कव्हरं करून घेतली. दाट ठिपक्यांची चौकट आणि त्यातून चारदोन ठिपके वर निसटलेत, गाण्याचं नाव नाही, बाईचा फोटो नाही, त्या काळात रेकॉर्डच्या दुकानात हे किती वेगळं दिसलं असेल विचार करा. आणि आतला मजकूर मागच्या बाजूला मावेना म्हणून उघडणारं कव्हर, ही पद्धत लोकप्रिय करण्यात लाइटचा मोठा वाटा आहे. 1965 ला कमांड सोडून त्याने पुढे प्रोजेक्ट थ्री ही रेकॉर्ड कंपनी काढली, सत्तरच्या दशकात चार चॅनेलच्या रेकॉर्डही काढल्या. 1978 ला गेला. प्रोजेक्ट थ्रीवरच 'द फ्री डिझाइन' ही भावंडांची गाणारी मंडळी आली, ती जरूर ऐका.

डावाउजवा

आणि तो आतला मजकूर टाळू नका. प्रत्येक ट्यूनमध्ये कुठल्या बाजूने काय येणार ते सविस्तर लिहिलंय. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसा, वाचत वाचत ऐका. डावीकडचं म्हणून लिहिलेलं वाद्य उजवीकडून आलं तर कुठेतरी, कार्ट्रिजच्या (सुई बसवलेला भाग) मागे किंवा स्पीकरकडे, तारा उलट्या लागल्यात, त्या आधी बदला आणि मग काय ते ठरवा.