धुळे: नऊशेच्या पावसाळी पाईपातून पुढे सरकायचं कसं?

पांझराकाठ_धुळे
नमस्कार मंडळी. मी सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावाच्या पोटात काय काय दडलंय ते बघायचा नाद आहे: जुन्या बारवा, बंद पडलेले पाट, पावसाळी नाले. पांझरेत उतरणारी एक पावसाळी लाईन सध्या डोक्यात बसली आहे. तोंडाशी बाराशेचा ह्यूम पाईप (काँक्रीटचा, आतला व्यास बाराशे मिलिमीटर) आहे, पुढे एका चेंबरनंतर तो नऊशेचा होतो. बाराशेत वाकून जमतं. नऊशेत उकिडवं चाललो की मांड्या भरून येतात, रांगलो की गुडघे सोलून निघतात. बाहेरच्या व्हिडिओंत लोक नाल्यातून ताठ चालत जातात, त्यांचा आपल्याला उपयोग नाही. अशा अरुंद पाईपात अंग कसं ठेवायचं? बेअरिंगची चाकं लावलेल्या पाटीवर उताणं पडून जाता येईल का? सोबत चुलतभाऊ असतो. ‘जाऊ नको’ म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, फक्त कारणासकट सांगा.

सेफ्टीताई_जळगाव
मी एमआयडीसीत सेफ्टी ऑफिसर आहे, म्हणून हवेचं सांगते. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की आम्ही माणूस आत सोडत नाही. आपल्याकडे पावसाळी लाईन नुसती पावसाची राहत नाही, वरच्या वस्तीचं सांडपाणी त्यात सोडलेलं असतंच. तो गाळ पायाने ढवळला की हायड्रोजन सल्फाईड सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणजे रांगणाऱ्या माणसाच्या तोंडाजवळच तो साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो; १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. तो गेलेला नसतो. मेणबत्ती नेऊन हवा तपासायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. हायड्रोजन सल्फाईड तिला कळत नाही आणि मिथेन असला तर भडका उडतो. चार वायूंचा मीटर भाड्याने मिळतो, तो घ्या. आणि पुढचा माणूस कोसळला तर मागच्याने आत धावायचं नाही. गटारातल्या कितीतरी दुर्घटनांत दुसरा आणि तिसरा बळी वाचवायला उतरलेल्याचा असतो. मैल्याच्या गटारात तर साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. हौसेने उतरणाऱ्याच्या छातीत तोच वायू जातो.

मोरीवाले आबा, भुसावळ
भाऊ, ताईंनी सांगितलं ते आधी दोनदा वाच. मग माझं.

मी रेल्वेच्या पूल खात्यातून रिटायर झालो. रुळाखालच्या पाईप मोऱ्या बघणं हे माझं काम. पावसाळ्याआधी गाळ काढून घ्यायचा, पावसाळा सरला की आत शिरून सांधे, तडे, खचलेले पाईप तपासायचे. तू विचारतोस त्यात माझी नोकरी गेली, आणि आत काय आहे ते बघायची ओढ काय असते तेही मला माहीत आहे.

बाराशेत बहुतेक जण कंबरेतून वाकतात आणि तिथेच फसतात. खुब्यातून वाक. पाठ सपाट ठेव, दोन्ही तळहात गुडघ्यांच्या जरा वर मांडीवर टेकव आणि धडाचा भार हातांवर दे. नजर दोन पावलांपुढे. मान वर करून लांबचं बघत चाललास तर ती धरणारच. तळाशी बारीक धार आणि दोन्ही बाजू कोरड्या असतील तर पाय फाकवून धारेच्या दोन्हीकडे टाक. बाजूंना काळं-हिरवं शेवाळ दिसलं की मात्र सरळ पाण्यातून चाल, तळाच्या वाळूत बूट धरतो. फाकलेला पाय सुटला की माणूस थेट तोंडावर जातो, कारण हात मांड्यांवर असतात.

नऊशेत चालायचा हट्ट सोड. उकिडवं चालणं दोन-तीन पाईपांपुरतं ठीक. लांब जायचं तर रांगायचं. लादी बसवणारे कारागीर गुडघ्याला बांधतात ते जाड पॅड आग्रा रोडला हार्डवेअरच्या दुकानात विचार. खालचा पट्टा पोटरीवर घट्ट आणि वरचा थोडा सैल ठेव, नाहीतर पायाला मुंग्या येतात. तळहात सपाट टेकू नको, मनगट मागे मोडून मोडून सुजतं. आमचे खलाशी, म्हणजे रेल्वेचे कामगार, रुळाखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचे मुठीत मावतील असे दोन ठोकळे करून घ्यायचे आणि ते टेकत पुढे जायचे. मनगट सरळ राहतं, आणि दुसरा मोठा फायदा म्हणजे पाईप बोलतो. खाली भराव शाबूत असेल तर ठोकळा ठक्क वाजतो. भराव वाहून गेला असेल तर आवाज पोकळ आणि लांबट येतो. असा आवाज आला, सांध्यातून माती आत आलेली दिसली, की तिथून मागे फिरायचं. अशा पाईपावर वरून ट्रक गेला तर काय होईल ते तुला शिकवलेलंच असेल.

थकलास की आडवा बस. पाठ एका भिंतीला, पाय समोरच्या भिंतीला. तसंच हातांवर अंग उचलून बाजूबाजूने सरकताही येतं. वेग काही नाही, पण गुडघे आणि मांड्या दोन्ही मोकळे होतात. रांगणं आणि हे सरकणं आलटून पालटून केलं तर माणूस टिकतो.

पिशवी पाठीवर घेऊ नको, ती छताला घासून अडकते. कंबरेच्या पट्ट्याला दोरीने बांधून मागून ओढ. दोरी अशी बांध की एका झटक्यात सुटेल. हेल्मेटवर एक दिवा, खिशात दुसरा.

पाईप मोजत जा. ह्यूम पाईप साधारण अडीच मीटरचा असतो, म्हणजे चार सांधे झाले की दहा मीटर. आतमध्ये अंतराचा अंदाज साफ चुकतो. सांधे चुकत नाहीत. नदीकडच्या तोंडातून शिरायचं आणि चढाकडे जायचं, म्हणजे परतताना दमलेलं अंग उताराला असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आत जाण्याआधी तोंडाशीच बस, गुडघे छातीला लाव आणि पूर्ण वळून दाखव. वळता आलं नाही तर तो पाईप तुझा नाही. नऊशेत सडपातळ पोरगा वळतो. सहाशेत कोणीच वळत नाही, पाय पुढे करून उलटं सरकत यावं लागतं, आणि बेशुद्ध माणसाला तर त्यातून ओढताही येत नाही. माझ्या हाताखालच्या एकालाही मी सहाशेत शिरू दिलं नाही. आरसा आणि बॅटरी घेऊन तोंडातून उजेड पाडायचा, तेवढ्यात जे दिसतं ते दिसतं.

चाकाच्या पाटीचं मनातून काढ. सांध्याला पाईप अर्धा-पाऊण इंच खालीवर बसलेले असतात, चाक तिथेच अडतं. उताराला लागली तर थांबवायला काही नाही. आणि पाणी आलं तर उताणा माणूस पालथा होईपर्यंत नाकात पाणी.

जनावरांचं सांगतो. आपल्या उन्हाळ्यात बाहेर ४५ असतं तेव्हा मोरीत गार असतं, म्हणून सगळेच तिथे येतात. विंचू सांध्याच्या फटीत असतो. घोणस कुकरच्या शिटीसारखी फुसफुसते. तो आवाज आला की जागच्या जागी थांब, मग सावकाश मागे. तोंडाशी मधमाश्यांचं मोहोळ असलं तर त्या दिवशी घरी जायचं.

काही ठिकाणी पाईप पाटाखालून किंवा ओढ्याखालून जाताना खाली उतरतो आणि पुढे पुन्हा वर येतो. हा सायफन. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, त्यांचं सुरुवातीचं काम तुझ्याच जिल्ह्यातलं, साक्रीकडे दातर्तीला पांझरेच्या पाण्यावर पाईप सायफन. एकदा जाऊन ती जागा बाहेरून बघून ये, सिव्हिलच्या पोराने बघावीच. पण कुठल्याही सायफनच्या आत पाय टाकायचा नाही. त्याच्या पोटात पाणी आणि वायू वर्षभर साचून असतात.

आणि आमच्या मोऱ्यांत येऊ नको. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर रेल्वे कायद्याचं कलम १४७ लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अमळनेरचा_मेलबर्नमध्ये
आबा, वाचून फार बरं वाटलं. मी मूळचा अमळनेरचा, सध्या मेलबर्नला. ह्या छंदाचं मोठं घर म्हणजे हेच शहर. इथल्या ‘केव्ह क्लॅन’ नावाच्या टोळीची सुरुवात २६ जानेवारी १९८६ ला तीन पोरांनी केली. त्यांचा पहिला नियम आजही तोच: पाऊस असेल तर नाल्यात पाय नाही. इथे पावसाळी नाले आणि मैल्याची गटारं वेगवेगळी आहेत, शिवाय मोठमोठे नाले माणूस उभा राहील एवढे. व्हिडिओंत ताठ चालतात ते म्हणून. तरी २००८ साली सिडनीत अचानक पाऊस आला आणि नाल्यात असलेले दोघं गेले. ऑस्ट्रेलियाचं बघून आपल्याकडच्या लाईनीचा अंदाज बांधू नकोस.

एक भर घालतो. तुझा ह्यूम पाईप मूळ ऑस्ट्रेलियाचाच. वॉल्टर ह्यूमने १९१० मध्ये साचा गरागरा फिरवून काँक्रीटचा पाईप घडवायची रीत काढली. त्या फिरण्यानेच पाईप आतून एवढा गुळगुळीत होतो. कोरडा असताना हाताला छान लागतो, ओला झाला की कशालाच धरता येत नाही. चढाकडे रांगताना हे लक्षात ठेव.

पांझराकाठ_धुळे
आबा, ताई, दादा, मनापासून आभार. ठोकळे आजच करायला टाकतो. काल रात्री मॅनिंगच्या सूत्राने (त्याने वाहत्या पाण्याचा वेग काढतात) गणित मांडलं. नऊशेची लाईन, २०० ला १ उतार, भरून वाहिली तर पाणी सेकंदाला साधारण २ मीटर धावतं. मी रांगून बघितलं तर अर्धा मीटरही होत नाही. हा आकडा वहीत लिहून बराच वेळ बघत बसलो होतो. मग जायचं कधी? डिसेंबर-जानेवारी चालेल?

रावेरकर
दादा, तोपर्यंत बऱ्हाणपूरला जाऊन या. जुन्या खानदेशची राजधानीच ती. तिथला कुंडी भंडारा, लोक खूनी भंडारा म्हणतात तो, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात १६१५ च्या सुमारास झाला. सातपुड्यातून जमिनीखाली झिरपणारं पाणी बोगद्याने अडवून, ओळीने खोदलेल्या कुंड्यांतून नुसत्या उताराने शहरात आणलं. पंप नाही, काही नाही. २०२४ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्याचं नाव आलंय. खाली उतरलं की भिंतींवर चुन्याचे पांढरे थर दिसतात आणि पाणी इतकं नितळ की तळाचा खडा मोजावा. उतरायची सोय त्या दिवशी चालू आहे का ते आधी विचारून घ्या. जमिनीखालचं पाणी बघायची हौस तिथे रीतसर भागते.

मोरीवाले आबा, भुसावळ
गणित केलंस हे फार चांगलं केलंस. त्यात एवढंच धर की पाईप भरायची वाट बघावी लागत नाही. तेवढ्या वेगाचं पाणी गुडघ्याला लागलं तरी माणूस पाय रोवू शकत नाही, आणि रांगणाऱ्याच्या तर ते छातीला लागतं.

डिसेंबर-जानेवारी चालेल, पण महिना बघून निर्धास्त होऊ नको. आपल्याकडे अवकाळी आणि गारपीट सांगून येत नाही. आमचे मुकादम म्हणायचे, ‘आभाय भरी उनं का भाईर निंघानं.’ तुझ्या डोक्यावर ऊन असलं तरी लाईनीच्या वरच्या टोकाकडचं आभाळ बघ. दुसरं, आवर्तन. हिवाळ्यात रब्बीसाठी पाट सुटतात, आणि पाटाचं जादा पाणी ज्या नाल्यात सोडतात तो कडक उन्हातही भरतो. तुझ्या लाईनीत कुठून कुठून पाणी पडतं ते महानगरपालिकेच्या नकाशावर आधी बघ. लेखी परवानगी माग, कॉलेजचं पत्र जोड. सिव्हिलचा पोरगा पाईपांची पाहणी करतो म्हणाला तर ऐकून घेणारा एखादा इंजिनिअर भेटतो, आणि त्यांचा माणूस सोबत असला तर चेंबरची झाकणं उघडून हवा खेळती ठेवता येते. उघडी झाकणं नसताना नऊशेत मी स्वतः कधी गेलो नाही.

पांझराकाठ_धुळे
पत्र सोमवारी देतो. चुलतभाऊ आत येणार होता, पण आता वाटतं त्याने बाहेर थांबावं. मग आत एकटाच राहीन. कसं करू?

मोरीवाले आबा, भुसावळ
एकट्याने नाहीच. तीन जण हवेत: दोघे आत, दोघांत दोन पाईपांचं अंतर, आणि तिसरा तोंडाशी. आत मोबाईल लागत नाही, त्यामुळे शिटी. आतून दर दहा सांध्यांना एक शिटी, बाहेरून तिला एक उत्तर. बाहेरून तीन लागल्या तर हातातलं टाकून परत फिरायचं, का म्हणून विचारायचं नाही. बाहेर यायची वेळ तिसऱ्याच्या हातात लिहून द्या. ती टळली तर त्याने आत शिरायचं नाही, १०१ ला फोन करून अग्निशमनवाल्यांना बोलवायचं. चुलतभावाकडून हे तोंडपाठ म्हणून घे. परवानगी मिळाली की तारीख इथे टाक, मी सकाळच्या गाडीने धुळ्याला येतो आणि तोंडाशी त्याच्यासोबत थांबतो.