मदत हवी आहे: कॉम्पॅक्टरच्या (कचरा दाबून नेणाऱ्या गाडीच्या) पायरीवरून लोडर (कचरा भरणारा कामगार) पडला, ठेकेदार रजा टाक म्हणतो

कोठीवाला: आमच्या गाडीवरचा लोडर मंगळवारी पहाटे पडला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. ठेकेदार म्हणतो बिनपगारी रजा टाक. पैसे मिळतील का, एवढंच सांगा. घाई आहे.

हिशेबनीस: ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतात का? पगार 21,000च्या आत? उपचार कुठे? गाडी रिव्हर्स होती का?

गॅरेज: आधी पायरी बघा. चेकर प्लेटची (पाय घसरू नये म्हणून उठावाची नक्षी असलेल्या पत्र्याची) नक्षी झिजली की लिचेटचा, म्हणजे कचऱ्यातून गळणाऱ्या घाण पाण्याचा, तेलकट थर बसतो, नुसत्या पाण्याने निघत नाही. प्लेट कापून दातेरी पट्ट्यांची जाळी वेल्ड करा, घाण खाली गळते. दांडी दोन्ही बाजूंना हवी, खांद्याच्या उंचीवर.

गमबूट: पायरी कशाला बदलता? तळवा गुळगुळीत झाला की बूट बदला.

गॅरेज: बूट नवा असला तरी रिव्हर्सच्या झटक्यात हात सुटतो. चालत्या गाडीच्या पायरीवर माणूस न्यायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 123 मध्येच मनाई आहे. युरोपातल्या गाड्यांत पायरीवर वजन आलं की रिव्हर्स लागत नाही, वेगही 30च्या वर जात नाही.

ओलासुका: लोकांनी ओला-सुका वेगळा दिला तर काचेने हात कापणंही थांबेल.

कोठीवाला: पायरीचं नंतर बघू हो! स्लिपवर ईएसआय कापलंय, पगार 16,000. दोनच महिने झालेत लागून. उपचार खाजगीत. केसपेपरवर ठेकेदाराच्या माणसाने 'घरी घसरून' लिहायला लावलं.

युनियन: सरळ नुकसानभरपाईचा दावा लावा. महापालिका मूळ मालक आहे.

हिशेबनीस: ईएसआय लागू असताना तो दावा चालत नाही, उगाच वेळ जाईल. कोठीवाले, खरी अडचण तो केसपेपर आहे. आजारपण धरलं तर पगाराच्या 70 टक्के, तेही 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तरच. दोन महिन्यांत ती होत नाही, म्हणजे हातात शून्य. कामावरचा अपघात ठरला तर 90 टक्के, आणि वर्गणीच्या दिवसांची अट नाही. आजच त्याला ईएसआय दवाखान्यात न्या, 'ड्युटीवर गाडीच्या पायरीवरून पडून' असंच लिहून घ्या आणि दाखला घ्या. ठेकेदाराकडे अपघाताच्या अहवालाची लेखी मागणी करा, पोच घ्या. तो टाळत असेल तर त्याच मजकुराचा अर्ज ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्या. सोबत त्या दिवशीची हजेरी, गाडीचं लॉगशीट, ड्रायव्हर आणि दुसऱ्या लोडरचे जबाब.

कोठीवाला: ड्रायव्हर सही द्यायला घाबरतोय.

हिशेबनीस: मग दुसऱ्या लोडरची घ्या, आणि जीपीएसचा त्या वेळचा रेकॉर्ड आजच लेखी मागा.