कारखान्याच्या नोकरीसाठी युगांडाला जाताना: तिथं राहून आलेल्यांचे अनुभव

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या कॉलनीत चौकशी केली तर एखादा पॅनमन, बॉयलर अटेंडंट नाहीतर लॅब केमिस्ट आफ्रिकेत नोकरी करून आलेला सापडतो. युगांडातले लुगाझी (1924) आणि काकिरा (1930) हे जुने कारखाने मेहता आणि माधवानी या गुजराती घराण्यांनी उभे केले. 1972 मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. पुढं मालमत्ता परत मिळाल्या आणि आपल्याकडच्या माणसांची ये-जा पुन्हा सुरू झाली. आता माझ्या भाच्याला तिथल्या जिंजा शहराच्या बाजूच्या कारखान्याचं नेमणूकपत्र आलंय. पगार आणि परवान्याचं एजंट सांगतोय, पण घर कसं चालतं, माणूस कशानं आजारी पडतो, इकडचं कसं सांभाळायचं हे राहून आलेलाच सांगू शकतो. म्हणून हा धागा. जे अनुभवलंय ते सविस्तर लिहा.

कागल, इंजिनिअरिंग विभाग

उकाड्याची धास्ती घेऊ नका. देश विषुववृत्तावर असला तरी जिंजा-कंपालाचा पट्टा अकराशे-बाराशे मीटर उंचीवर आहे. आपल्या मे महिन्यासारखी काहिली तिथं नसते, पावसाळी रात्री अंगात पातळ स्वेटर लागतो. पाऊस वर्षातून दोनदा, मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. म्हणून ऊस बारमाही तुटतो आणि गाळपही वर्षातले बहुतेक महिने चालतं. आपल्याकडं पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की ओव्हरहॉलिंग आणि लग्नसराई बरोबरच येते, तो हिशेब तिकडं विसरायचा. रजा कधी, किती, तिकीट कुणाचं, बायका-पोरांचं धरलंय का, हे सगळं सही करायच्या आधी कागदावर घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

घरातल्या विजेचं मीटर प्रीपेड. मोबाइलवरून पैसे भरायचे, नंबर येतो तो मीटरवर दाबायचा. दाब वरखाली होतो, फ्रिजला स्टॅबिलायझर लावाच. प्लग तीन चौकोनी पिनांचा, आपल्या मिक्सरची पिन त्यात बसत नाही.

राजारामपुरी

यजमान तिथं केमिस्ट होते, मी दोन्ही मुलींना घेऊन गेले होते. माझं सगळं लिहिणं तापाबद्दलच आहे, कारण बाकी सगळ्याची सवय होते.

तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा. डोक्यात गेला तर जिवावर बेततं, आणि लहान मुलांत फार झपाट्यानं वाढतो. आपल्याकडं अंग गरम लागलं की पॅरासिटामॉल देऊन दोन दिवस वाट बघतात. तिथं वाट बघायची नाही. ताप आला त्याच दिवशी बोटातून रक्त देऊन तपासणी करायची, किटवर पंधरा-वीस मिनिटांत कळतं. तपासणी कोरी आली आणि ताप हटला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

औषध बहुतेक वेळा आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन देतात. मोठ्या माणसाला तीन दिवसांत सहा डोस, दर वेळी चार गोळ्या. मुलांना वजनावर. रिकाम्या पोटी हे औषध नीट शोषलं जात नाही, खाण्यात स्निग्ध काहीतरी हवं. मी आधी तूप-भाताचे चार घास भरवायची, मग गोळी, वर दूध. तासाभराच्या आत उलटी झाली तर तो डोस पुन्हा द्यावा लागतो, म्हणून डॉक्टरांकडून जादा गोळ्या मागून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल अंगणात पळायला लागतं, आणि आयांना वाटतं आता कशाला एवढ्या गोळ्या. कोर्स पुरा करा. हे मी हात जोडून सांगते.

मच्छरदाणी औषध लावलेली घ्या आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचा. हा डास तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सुट्टीला कोल्हापूरला आलो आणि धाकटी तापली. पावसाळा होता, डॉक्टरांनी साहजिकच डेंग्यूची तपासणी लिहिली. मी म्हटलं, "डॉक्टर, आम्ही गेल्या आठवड्यातच युगांडाहून आलोय, मलेरियाची स्लाइड पण करा ना." स्लाइड पॉझिटिव्ह आली आणि त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं. परत आल्यावर वर्षभर कुठलाही ताप आला तरी दवाखान्यात पहिलं वाक्य हेच बोलायचं. आजी-आजोबांनाही सांगून ठेवा, कारण मुलांना दवाखान्यात नेणारे पुष्कळदा तेच असतात.

गडहिंग्लज

यलो फीवरची (पीतज्वराची) लस जायच्या निदान दहा दिवस आधी. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच जावं लागतं आणि नंबर लावावा लागतो. लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा. तिकडून परत येताना मुंबईला ते मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. 2016 पासून ही लस जन्मभरासाठी धरली जाते, पुन्हा घ्यावी लागत नाही.

इचलकरंजी

बाहेर वाळत घातलेले कपडे इस्त्री केल्याशिवाय अंगावर घालू नका. चड्ड्या, बनियन, बाळाची दुपटी, टॉवेल, सगळे, आणि शिवणींवरून इस्त्री दाबून. तिथं एक माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते, त्यातून निघालेली अळी कातडीत शिरते. माझ्या मुलाच्या कमरेवर फोड आला, मधोमध टाचणीएवढं छिद्र, आणि तो सारखा म्हणायचा की आत काहीतरी वळवळतंय. शेजारच्या बाईंनी वर व्हॅसलीनचा जाड थर दिला. हवा कोंडली की अळी वर येते. मग दोन बोटांनी कडेनं हलकं दाबून त्यांनी ती अख्खी काढली, आत तुकडा राहू दिला नाही. पांढरीफेक, तांदळाच्या दाण्याहून मोठी. त्या दिवसापासून कपडे घरात वाळवायला लागलो. वीज नसेल त्या दिवसासाठी कोळशाची इस्त्री तिथल्या बाजारात मिळते, घेऊन ठेवा.

शिरोळ

भाकरीचं म्हनाल तर उपाशी ऱ्हानार न्हाई. ज्वारी मिळत्या, पर लालसर आन् जरा तुरट लागत्या. नाचणी मातर लई चांगली, बाजारात ढिगानं आस्त्या. आमी सात-आठ जनं येका क्वार्टरात ऱ्हात हुतो, रोज नाचणीचीच भाकरी. शेंगदाणं, तीळ तिकडं भरपूर पिकतंय. माठाची भाजी ‘डोडो’ म्हनून इकत्यात, आपल्यावानीच परतायची. बोकडाचं मटण मिळतंय. कांदा-लसूण मसाला तेवढा घरनं न्यायचा, दोन-तीन पिशव्यांत सील करून, न्हाईतर कापडांचा वास म्हयनाभर जात न्हाई. चटणीला मिरच्या दारातच लावा, वर्षभर येत्यात.

ताराबाई पार्क

मसाल्यावरून आठवलं. पांढऱ्या रश्श्यासाठी खसखस बॅगेत टाकू नका. आखाती देशांतून विमान बदलत असाल तर अजिबातच नको. युएईत खसखशीवर बंदी आहे, तुरुंगापर्यंत जातं. तयार मसाल्यातही असते, घरी कुटतानाच बाजूला ठेवा. तिथं तीळ आणि काजूवर रस्सा छान होतो.

शिवाजी पेठ

पंचगंगेत पोहणाऱ्यांसाठी एवढंच: व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या उथळ पाण्यात उतरू नका. गोगलगायींतून बिल्हार्झिया या रोगाचे जंतू पाण्यात येतात आणि थेट कातडीतून शरीरात शिरतात. उतरला असाल तर काही आठवड्यांनी तपासणी करा, प्राझिक्वांटेल नावाची गोळी आहे. पोहायची हौस स्विमिंग पूलमध्ये भागवा.

हातकणंगले

पैशाचं बोलतो. नोकरीसाठी बाहेर गेलात की इथलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं, आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई हे वेगळं अनिवासी खातं उघडायचं. एनआरईच्या व्याजावर इथं कर नाही, एनआरओच्या व्याजावर तीस टक्के आणि वर सेस कापला जातो. इथलं सिम चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही आणि सगळं अडतं.

पहिले पैसे आले की घरचे म्हणतात, शेजारचं एकरभर रान निघालंय, तुझ्या नावावर घेऊ. अनिवासी असताना शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित असेल ती राहते, वारसानंही येते. हे घरच्यांना जायच्या आधीच समजावून सांगा, म्हणजे फोनवर रुसवेफुगवे होत नाहीत. भावाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं असेल तर इथंच नोंदवून जा. तिकडून करायचं म्हणजे कंपालाच्या भारतीय उच्चायुक्तालयात खेटे, आणि कागद इथं पोचला की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक.

प्रयाग चिखली

2019 च्या आणि 2021 च्या पुरात मी तिकडं होतो. आई-वडील गावात. तिथं बसून दिवसातून दहादा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची: 39 फूट इशारा, 43 धोका. पाणी चढलं की वीज जाते, घरच्यांचे मोबाइल बंद पडतात आणि माणूस तिकडं वेडापिसा होतो. पहिल्या पुरानंतर आम्ही ठरवून टाकलं. इशारा पातळी ओलांडली की आई-वडिलांनी जनावरं घेऊन उंचावरच्या सोनतळीला जायचं, माझ्या फोनची वाट बघायची नाही. सातबारा, पासबुकं, आधार एका प्लॅस्टिकच्या डब्यात, डबा मामाकडं शहरात. गल्लीतल्या दोघांचे आणि पाणी न येणाऱ्या भागातल्या तीन नातेवाइकांचे नंबर माझ्याकडं कागदावर. 2021 ला ते पाणी यायच्या आधीच बाहेर पडले होते. भाच्याला सांगा, हे विमानात बसायच्या आधी ठरवून जा.

धागाकर्त्याकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. इस्त्रीचं वाचून बहिणीनं लगेच यादीत घातली. भाच्याची बायको पुढच्या वर्षी जाणार आहे आणि ती सध्या गरोदर आहे. तान्हं बाळ घेऊन कुणी गेलं असेल, यलो फीवरची लस नऊ महिन्यांच्या आत देत नाहीत तेव्हा तुम्ही केव्हा नेलंत, आणि बाकीच्या लसींचं वेळापत्रक तिथं कसं सांभाळलंत, ते जरूर लिहा.