शब्दचर्चा : ‘कम्युनिटी’ला कोल्हापुरात काय म्हणायचं?

नदीकाठ
मंडळी, एका शब्दावर अडलोय. पंचगंगेकाठची गावं आणि शहरातल्या नदीलगतच्या वस्त्यांसाठी पुराच्या तयारीची छोटी पुस्तिका मराठीत करतोय. मूळ मजकूर इंग्रजी, आणि त्यात पानोपानी ‘कम्युनिटी’. कम्युनिटीने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी करावी, कम्युनिटीने जनावरं हलवावीत, कम्युनिटीने निरोप पोचवावा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांला गेलं की इशारा आणि ४३ फुटांला धोका. मधल्या चार फुटांत ज्यांनी हालचाल करायची ते नेमके कोण, एवढंच मला मराठीत लिहायचंय.

‘समुदायाने जनावरे हलवावीत’ असं वाचून आंबेवाडी-चिखलीत कोण दावं सोडायला उठेल? आणि ‘समाजाने’ लिहिलं तर जो तो आपापली जात समजेल, ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. सुचवा.

जुनी वही
‘समुदाय’च बरोबर. शब्द वापरला की रुळतो. ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ रुळलंच की.

कागल रोड
कुठं रुळलं? पाटीवर रुळलं. गावात त्यांना ‘सीएचओ मॅडम’ म्हणतात. आमच्या आईला ‘समुदाय आरोग्य अधिकारी आल्यात’ म्हणालो तर ती चहा टाकायच्या आधी घर आवरायला घेईल, कुणी मोठं साहेब आलं समजून.

‘सामुदायिक’ मात्र खरंच रुळलंय. सामुदायिक विवाह, सामुदायिक प्रार्थना. पण त्यातून ‘एका वेळी पुष्कळांचं’ एवढाच अर्थ निघतो. सामुदायिक विवाहातल्या जोडप्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नसते.

मोडीवाचक
दोन्ही शब्दांचं मूळ आधी बघू, मग भांडू.

समाज = सम् + अज्. ‘अज्’ म्हणजे हाकणे. एकत्र हाकलेला तो समाज. अमरकोशात याची गंमत आहे : ‘पशूनां समजोऽन्येषां समाजः’. जनावरांचा कळप तो ‘समज’, इतरांचा तो ‘समाज’. एका काठीने हाकलेल्यांत आणि आपल्यात फरक फक्त एका कान्याचा. त्याला लागूनच पुढे ‘सधर्मिणां स्यान्निकायः’ येतं, म्हणजे सारख्या धर्माच्या, सारखेपणा असलेल्यांचा तो ‘निकाय’. माणसं नुसती गोळा झालेली असणं आणि ती एकसारखी असणं यांना त्या कोशकाराने वेगवेगळी नावं दिली होती. आपण पुढे दोन्ही ‘समाज’मध्येच कोंबली.

अशोकाच्या वेळी तर समाज म्हणजे जत्रा-जलसा. गिरनारच्या लेखात तो बजावतो, ‘न च समाजो कतव्यो’, समाज भरवू नका. एकोणिसाव्या शतकात शब्दाने पुन्हा कूस बदलली. प्रार्थना समाज (१८६७), सत्यशोधक समाज (१८७३). इथं समाज म्हणजे स्वतःहून, विचार पटला म्हणून एकत्र आलेली माणसं. जातीबाहेर पडून जिथं जायचं ती जागा. आणि आज? ‘समाजाचं कार्यालय’, ‘समाजाचा वधू-वर मेळावा’, ‘अखिल अमुक समाज’. जिथून बाहेर पडायचं होतं, तिथंच शब्द परत येऊन बसला.

समुदाय = सम् + उद् + इ. एकत्र वर येणे, उगवणे. शब्द चांगला आहे, उगाच सरकारी म्हणून हिणवू नका. रामदासांनी तो ‘समुदाव’ म्हणून वापरलाय : ‘समुदाव पाहिजे मोठा। तरी तनावा असाव्या बळकटा।’ तनावा म्हणजे तंबूच्या ताणाच्या दोऱ्या. समुदाय मोठा हवा असेल तर दोऱ्या बळकट हव्यात. नदीकाठ यांचा प्रश्न याच ओवीत आहे. माणसं मोजून उपयोग नाही, दोऱ्या कुठल्या ते शोधा.

शेंगदाणा
फारसी-अरबीकडूनही एक खेप घ्या. जमा, जमात, जमाव हे सगळे एकाच अरबी मुळाचे. जमाव झाला की पोलीस जमावबंदी लावतात. ‘जाती-जमाती’मध्ये जमात सरकारी रकान्यात जाऊन बसली, मशिदीतली जमात मात्र अजून जुन्या अर्थाने उभी आहे, एकत्र नमाज पढणाऱ्यांची. आणि आपलं ‘जमणे’ त्यातूनच आलेलं. चौकात लोक जमले. आमचं दोघांचं जमलं. लग्न जमलं. भाजी जमली. गोळा होण्यापासून मेळ बसण्यापर्यंतचा सगळा प्रवास या एका क्रियापदाने मराठीत केलाय. नाम कशाला शोधताय, नदीकाठ? ज्यांचं जमतं ते.

कागल रोड
ज्यांचं जमतं ते पुरात एकमेकांना फोन करतातच. पुस्तिका ज्यांचं जमत नाही त्यांच्यासाठी लागते.

पेठकर
बरोबर बोललास भावा. म्हणून मी तालमीवरून सांगतो.

तालीम हा पण अरबीच, अर्थ शिक्षण, सराव. नाटकाची तालीम तीच. कोल्हापुरात मात्र ‘तालीम’ म्हणजे एक इमारत, आत लाल माती (बऱ्याच ठिकाणी माती जाऊन आता जिमची मशिनं आली), बाहेर कट्टा, कट्ट्यावर पेपर आणि भोवतालच्या दोन-चार गल्ल्या. पाटाकडील, तटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, बाबूजमाल. शाहू स्टेडियमवर केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) फुटबॉल मॅच असली की गॅलरीत जो सगळ्यात मोठ्यानं ओरडत असतो, त्यानं जन्मात कुस्तीची लांग कसलेली नसते आणि फुटबॉलला पाय लावलेला नसतो. तरी त्याला विचारा, ‘कुठल्या तालमीचा?’ उत्तर लगेच.

प्रत्यय बघा. ‘-चा’. तालमीत आहे, असं नाही म्हणत. तालमीचा सभासद, असंही नाही. सभासद दूध संस्थेचा असतो, कारखान्याचा असतो. तिथं शेअर, पावती, वार्षिक सभा, मत. ‘मेंबर’ म्हटलं तर तो ग्रामपंचायतीचा, आणि एकदा झाला की हरल्यावर पण मरेपर्यंत मेंबरच. तालमीचा व्हायला फॉर्म नाही. शिवाजी पेठेत भाड्यानं आलेला माणूस दोन गणपतींची वर्गणी देतो, एखाद्या रात्री कुणाला दवाखान्यात न्यायला गाडी काढतो, एका मयताला खांदा देतो, की झाला तालमीचा. कुणी जाहीर करत नाही. त्यालाही कधी झाला ते सांगता येत नाही.

उलटं उदाहरण कृती समितीचं. कोल्हापूरकरांइतक्या कृती समित्या कुणी काढल्या नसतील. टोलविरोधात अख्खं शहर एक झालं, सगळ्या पक्षांचे झेंडे एका मोर्चात, टोल गेला. पण आज कोण म्हणतं का, ‘मी टोल समितीचा’? काम होतं, झालं, माणसं घरी गेली. ताकद कमी होती असं नाही, उलट तालमीपेक्षा शंभरपट जास्त होती. पण समितीला तुमच्याकडून एकच गोष्ट मागता येते, ज्यासाठी ती निघाली ती. तालीम काहीही मागू शकते, आणि कधीही. माझ्या लेखी गट आणि ह्यातला फरक तो. मागण्याची यादी ठरलेली असेल तर गट. ठरलेली नसेल तर... त्याला शब्द नाही, आम्ही तालीमच म्हणतो.

अजून एक. मोहरमचे पंजे इथं तालमींत बसतात, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांत हिंदू घरं असतात. २०१८ ते २०२० तीन वर्षं मोहरम आणि गणपती एकत्र आले, तेव्हा काही तालमींत एकाच छपराखाली दोन्ही होते. बाहेरच्यांना त्याची बातमी वाटली. अमरकोशवाल्या भाऊंना सांगा, ‘सधर्मी’ नसले तरी होतं.

मंगळवारची लेक
पेठकर दादा, छान लिहिलंय, पण एक सांगते. मी जन्मले मंगळवार पेठेत, तालमीच्या भिंतीला लागून घर. ‘तू कुठल्या तालमीची?’ असं मला कुणी कधी विचारलेलं नाही. मला विचारतात, ‘कुणाची?’ वर्गणी आमच्या घरातून गेली, गणपतीचा नैवेद्य आमच्या घरातून गेला, २०१९ च्या पुरात पुरग्रस्तांसाठी भाकऱ्या थापल्या त्या बायकांनी. तुमचा ‘-चा’ पुल्लिंगी आहे. ‘तालमीची’ असं कुणी म्हणत असेल तर मला उदाहरण द्या.

दुसरं, नदीकाठ दादांना उपयोगी पडेल असं. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद आहे. ‘आम्ही जातोय’ म्हणजे तू मागं राहा. ‘आपण जाऊ’ म्हणजे तू चल. गुजरातीत पण आहे, हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही. ज्या माणसांशी बोलताना तोंडातून न ठरवता ‘आपण’ येतो तो तुमचा समुदाय, अशी व्याख्या मी केली असती. पण लगेच आठवलं, लग्नाच्या बोलण्यात बायका खाली आवाजात काय विचारतात? ‘आपल्यातली आहे का?’ आणि तिथं ‘आपल्यात’चा अर्थ जात. दुसरा कुठलाही नाही. सगळ्यात मोकळा वाटणारा शब्द दाराला कडी घालायलाही तोच वापरतात. त्यामुळं ‘आपण’ घ्या, पण कुणाच्या तोंडी देताय ते बघून घ्या.

पेठकर
ताई, उदाहरण नाही माझ्याकडं. विचार करतोय.

जुनी वही
‘आपण’चे अजून दोन अर्थ राहिले. आदरार्थी (‘आपण बसावं’) आणि कोल्हापुरी एकवचनी (‘आपन न्हाई भीत कुणाला’). शेवटच्यात ‘आपन’ म्हणजे मी एकटा.

उसाचा फड
शहरवाल्यांनी लई लांबवलं. शिरोळ-कागलकडचे शब्द घ्या.

टोळी. शहरात टोळी म्हणजे गुन्हेगारांची. आमच्याकडं टोळी म्हणजे ऊसतोडीची, आणि हंगामात तिच्याइतकी मानाची गोष्ट नाही. ‘टोळी कधी येणार’ हा गावाचा नोव्हेंबरपासूनचा प्रश्न.

पैरा. माझ्या रानात तुम्ही, तुमच्या रानात मी, पैसा मधे नाही. इर्जिक घातली की गाव नांगर घेऊन यायचं आणि संध्याकाळी जेवण. ट्रॅक्टर आल्यावर इर्जिक संपली, पैरा अजून थोडा उरलाय, भांगलणीला बायकांच्यात.

भावकी. हा शब्द सगळ्यांनी टाळलाय म्हणून मुद्दाम. भावकी म्हणजे रक्ताचे, एका आडनावाचे. मयताला, लग्नाला, बांधाच्या वादाला भावकीच येते. त्याचाच सख्खा शब्द ‘भाऊबंदकी’, आणि त्याचा अर्थ भांडण! पेठकर म्हणतात ते काहीही-मागू-शकतं-ते हेच. ते काहीही काढूनही घेऊ शकतं. ‘वाळीत टाकणे’ हा वाक्प्रचार गटाला लागू पडत नाही, गटातून फक्त काढतात. वाळीत टाकायला आधी माणूस पुरता अडकलेला लागतो. त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. तेव्हा कम्युनिटी म्हटलं की लगेच गहिवरू नका.

मोडीवाचक
याला जोडून बोर्डिंगचं सांगतो. कोल्हापुरात ‘बोर्डिंग’ हा शब्द नुसत्या वसतिगृहाला वापरत नाहीत. शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सगळ्या जातींसाठी एक वसतिगृह करून पाहिलं, ते प्रत्यक्षात एकाच जातीच्या मुलांचं झालं. मग १९०१ पासून वेगवेगळी बोर्डिंगं निघत गेली : मराठा, जैन, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ चं मिस क्लार्क, आणि पुढे कितीतरी. ज्यांना शिकायची वाटच नव्हती त्यांना आधी आपल्या माणसांत पाय रोवायला जागा द्यायची, हा हिशेब. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात ‘आपलं’ म्हणायला तिथं पहिल्यांदा काही मिळालं. जातीच्या नावाने काढलेली घरं, पण दार बाहेरच्या दिशेने उघडणारी. आजच्या ‘समाज भवना’चं दार कुठल्या दिशेने उघडतं ते ज्याने त्याने जाऊन बघावं. सरसकट वाईट म्हणायला मी तयार नाही.

नदीकाठ
सगळ्यांचे आभार. मी असं करतोय : नाम काढूनच टाकतो. ‘कम्युनिटीने यादी करावी’ याऐवजी ‘आपल्या गल्लीत एकटं कोण राहतं? अंथरुणाला खिळलेलं कोण आहे? आजच लिहून ठेवूया.’ गावांच्या आवृत्तीत ‘गल्ली’ऐवजी ‘वाडी’ किंवा ‘वस्ती’. तालीम मंडळांचा उल्लेख निरोप पोचवण्याच्या पानावर येईल आणि त्याच ओळीत महिला बचत गट, मंगळवारच्या ताईंचं ऐकून. ‘समाज’ पुस्तिकेत कुठंही नाही. ‘समुदाय’ फक्त मागच्या पानावर, शासनाच्या योजनेचं नाव आहे तिथं.

कागल रोड
यादी नावानं करायला सांगू नका, दारानं करायला सांगा. नावानं केली की ज्याचं नाव माहीत तोच यादीत येतो. पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत, आणि जिन्याखालची खोली धरून.

मंगळवारची लेक
आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कामाला येणारी पोरं? ती हिंदी वाचणार. हिंदीत तुमचं ‘आपण’ कसं आणणार?

नदीकाठ
हिंदीची आवृत्ती दुसऱ्याकडे आहे, त्यांना आजच फोन करतो. ‘हम’ने भागणार नाही हे तरी कळलं. तिथं बहुधा ‘आपके बगल के कमरे में कौन है’ असंच थेट विचारावं लागेल.